मामंजींचा चाकू नि दोन जावा

चाकू बगायला कोन मुंबईला जातं? आमी गेलो. दोन म्हाताऱ्या, दोन चाकू, नि दोघींचं एकमेकींशी बोलनं बंद. पनवेल, मोरा, भाऊचा धक्का, नि परत. तुमी गेला नसाल तर जाऊन या. लांचीतनं दर्या बरा दिसतो. फक्त जावेला संगती नेऊ नका.

आदी चाकूचं सांगते, नायतर काय कळायचं नाय.

आमचं गाव पनवेलच्या खाडीच्या काठाला. माजा सासरा मिठाच्या मचव्यावर व्हता. आमच्या मिठागरातलं मीठ शिडाच्या मचव्यात भरायचं नि मुंबईला न्यायचं. तिथं बंदरात एका गोऱ्या सायबानं त्याला घडीचा चाकू दिला, असं घरात सांगतात. कशापायी दिला ते ज्याच्या त्याच्या तोंडी निराळं. एक बोलतो, सायब पान्यात पडला नि मामंजींनी काडला. दुसरा बोलतो, सायब नाय, सायबाचा कुत्रा पडला. माजा नवरा रंगात आला की सायब, मडम नि कुत्रा तिघंबी पडायचे.

आमच्यात हळद लागली की नवरदेवाच्या हातात पातं पायजे. टोकाला लिंबू खोचायचं नि लगीन लागेपर्यंत हातातनं खाली ठेवायचं नाय. नजर लागू नये म्हनून. कोनाकडं कट्यार असते, कोनाकडं साधी सुरी. आमच्या घरात मामंजींचा चाकू. माज्या नवऱ्यानं तोच धरला, धाकट्या दिरानं तोच धरला.

मामंजी गेले. मग माजा नवरा गेला, तापानं, आठवडाबी नाय काडला. पदरात पोरं. मी मिठागरावर लागले. उन्हात मीठ ओडायचं, पायाला चिरा पडायच्या नि त्या चिरांत मीठ जायचं. रडायला येळ नव्हता, नि रडून परत मीठच निघतं. एक दिवस सासूबायनं फडक्यात गुंडाळलेला चाकू माज्या हातात दिला. "हा तुज्या सासऱ्याचा," बोलली. "काळोखात कामाला जातेस, कमरेला ठेव." काळ्या शिंगाची मूठ, एक पातं, नि पाठीला एक जाड सुळा. त्या सुळ्याचं काम काय ते मला ठावं नव्हतं. मी त्यानं कालवं फोडायची, गाठी सोडायची, एकदा मुकादमबी सरळ केला. तो मिठाच्या ढिगाआड जवळ आला, मी चाकू उघडला. बस. तवापासून तो मला "ताई" बोलायला लागला.

पुडं सासूबाय गेली. माज्या थोरल्याचं लगीन निघालं. हळदीला मी चाकू काडला, तर धाकटी जाव उठली. गोमती तिचं नाव. तिनं कनवटीतनं दुसराच चाकू काडला. पांढरी मूठ, नुसतं पातं. "मामंजींचा हा हाय," बोलली. "सासूबायनं मला दिला."

मी बोलले, "बाजारातनं आनलास."

ती बोलली, "तू चोरलास."

मग काय, मांडवात हळद लागायची ती ऱ्हायली नि आमीच एकमेकींना लावली. पोरानं माजाच चाकू धरला, गोमती न जेवता निघून गेली. पुडं तिच्या पोराच्या लग्नाला मी गेले नाय. बोलनं बंद. एकाच विहिरीवर पानी भरायचो, पन ती हिकडं बगनार, मी तिकडं.

तुमी बोलाल, दोन सुना एकाच घरात नांदल्या, सासऱ्याचा चाकू कुठला ते कळू नये? नाय कळला. आमच्या येळेला सासऱ्याम्होरं सुनंनं डोळा वर करायचा नाय. मामंजी ओटीवर बसून सुपारी कातरायचे, झाली की चाकू मिटायचे. आतनं चाकू मिटल्याचं ऐकू आलं की आमी पदर डोक्यावरनं खाली ओडायचो, कारन आता ते पानी मागायला दारात येनार. मामंजींचे पाय मला आजबी ठावं हायेत, डाव्या अंगठ्याचं नख फुटलेलं व्हतं. हातात काय व्हतं, मी कशाला बगते? माज्या लग्नात नवऱ्याच्या हातात तोच चाकू, तर मी लिंबू तेवडं बगितलं. पिवळं व्हतं.

आता माज्या नातवाचं लगीन ठरलं. नातू निम्मा माज्या घरात वाढला, निम्मा गोमतीच्या. त्यानं सांगितलं, दोन्ही आज्या मांडवात नसतील तर मी हळदीला बसत नाय. भावकीत म्हातारा मानूस एकच उरला, नाना, माज्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्यानं मामंजींचा चाकू बगितला व्हता. पन सकाळी इचारलं की काळी मूठ बोलायचा, संध्याकाळी पांढरी. शेवटी कावला. "दोगी जावा, जानकाराला दाखवा," बोलला. "जिचा खोटा ठरंल तिनं दुसरीच्या दारात जाऊन हळदीकुंकू लावून चाकू मागून आनायचा. चाकू एक तर मांडव एक. नायतर मी येत नाय."

कोनी एकीनं दोन्ही चाकू न्यावेत, तर दुसरीचा भरवसा नाय. म्हनून दोघी निघालो.

पनवेल

एसटीत एकच बाक रिकामा मिळाला. मी खिडकीला, गोमती बाजूला. तिनं पिशवी माज्या पायावर ठेवली. मी कंडक्टरला हाक मारली, "मास्तर, त्या बाईला सांगा, पिशवी उचल."

कंडक्टर बोलला, "आजी, ती तुमच्या मांडीला मांडी लावून बसलीय."

"म्हनून तर तुमाला सांगते."

गोमती बोलली, "मास्तर, तिला सांगा, पाय तिचे हायेत, पन जमीन सरकारची हाय."

कंडक्टरनं घंटी मारली नि पुडं गेला. पनवेल येईस्तो आमच्याकडं फिरकला नाय.

बाजारात एक धार लावनारा बसतो, चाकाला पाय मारत. त्याला दोन्ही चाकू दाखवले. त्यानं पांढरी मूठ वर धरली. "हा सायबाचा."

"कशावरनं?"

"पांढरा आहे."

गोमतीचं तोंड खुललं. मी बोलले, "तुज्या अंगावरचा सदराबी पांढरा हाय, मग तू कोन लाट सायब?" तो हसला नि चाकू चाकाला लावायला निघाला. गोमती अशी किंचाळली की माशेवाली उठून उभी ऱ्हायली. तिचा चाकू धार लावायचा नाय, तो पुजेचा हाय! दर दसऱ्याला ती त्याला तेल, हळद, कुंकू लावायची. थरावर थर. आता तो चाकू कसला, शेंदूर फासलेला दगडच. उघडायला दोन गडी लागायचे.

धार लावनारा बोलला, "मला धार कळते, आजी, वय कळत नाही. मुंबईला जा. धक्क्याच्या बाहेर एक चाचा आहे, जहाजावरचा जुना माल विकतो. त्याला चाकू कळतात."

आमी तिथंच उभं ऱ्हायलो. मुंबई! गोमतीनं धार लावनाऱ्याला सांगितलं, "तिला इचार, घाबरली काय."

मी बोलले, "तिला सांग, माजी पिशवी भरलेली हाय."

मोरा

त्या दिवशी उरनला गोमतीच्या लेकीकडं ऱ्हायलो. तिच्या घरी मी कवा पाय ठेवला नव्हता, पन मुंबईची लांच उरनच्या मोरा बंदरातनं सकाळी सुटते, नि दुसरं कोन हाय तिकडं? लेकीनं तांदळाच्या भाकऱ्या केल्या नि सुक्या जवळ्याचं कालवन. आमच्यात जवळ्यात आमसूल घालतात, तिनं चिंच घातलेली. बरं लागत व्हतं. पन बरं बोलले तर ते गोमतीच्या शिकवनीला बोलल्यासारखं व्हईल, म्हनून मी नुसती तिसरी भाकरी घेतली. गोमती लेकीला बोलली, "तुज्या काकीला सांग, न आवडता एवडं जेवली, आवडलं असतं तर टोपबी खाल्ला असता."

लेक बिचारी मान इकडं तिकडं फिरवून थकली.

सकाळी मोऱ्याच्या धक्क्यावर वारा उलटा सुटलेला. लांचीत चढायची फळी हलत व्हती. मी मिठागरातली, पाय घट्ट. गोमती फळीच्या मधी थांबली, पुडं पाय टाकंना. मी हात नाय दिला. पिशवी पुडं केली. तिनं पिशवीचा बंद धरला नि वर आली. पिशवी धरली, मला नाय. दोघींची लाज ऱ्हायली.

आत एक बाई बकरी घेऊन बसलेली. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला गोमती. लांच दर्यात गेली तशी डुलायला लागली नि गोमतीचं तोंड उतरलं. पिवळं पडलं, मग हिरवं. मी सगळं बगत व्हते. माज्या पिशवीत लिंबू व्हतं. मी चाकू काडला, लिंबू कापलं, नि बकरीवालीला दिलं. "त्या बाईला दे. नाकाशी धर म्हनावं, मग चोख."

बकरीवाली हात पुडं करते तोवर बकरीनं अर्धं खाल्लं. उरलेलं गोमतीला मिळालं. तिनं डोळे मिटून चोखलं. दर्यानं दोन वेळा आमाला उचललं नि आपटलं. मग तिनं डोळे न उघडता सांगितलं, "तिला सांगा, चाकूला धार बरी हाय."

बकरीवाली मला बोलली, "ऐकलंस?"

मी बोलले, "ऐकलं. तिला सांग, पूजा केली नाय म्हनून."

भाऊचा धक्का

उतरल्या उतरल्या मासळीचा बाजार. आमच्याकडं पापलेट आलं तर सगळं गाव बगायला येतं, तिथं ढीग पडलेले नि बाया त्यांच्यावरनं पाय टाकून चाललेल्या. बर्फ फोडायचा आवाज, ओरडा, पानीच पानी. माजं लुगडं घोट्यापर्यंत भिजलं.

फाटकाशी हवालदारानं अडवलं. मी पिशवीतनं पान्याची बाटली काडायला गेले नि चाकू खाली पडला.

"हे काय, आजी?"

"चाकू."

"दिसतंय. कशाला?"

गोमती मधी आली. "नवरदेवाचा हाय तो."

"नवरदेव कुठाय?"

"घरी. हळद लागायची हाय अजून."

हवालदारानं गोमतीकडं बगितलं. "आणि तुमच्या कमरेला काय?"

तिनं तिचाबी काडला. "एक तिचा, एक माजा. कुठला खरा ते बगायला आलो. आमी बोलत नाय एकमेकींशी."

हवालदार दोन चाकू बगतो, दोन म्हाताऱ्या बगतो. "बोलत नाही, आणि दोघींच्या हातात चाकू देऊन घरच्यांनी पाठवलं?"

"आमी मानसं बरी हाव," मी बोलले.

तो एवडा हसला की टोपी काडून डोळे पुसले नि चाचाचं दुकान दाखवायला सोता कोपऱ्यापर्यंत आला. चालताना माज्या ध्यानात आलं, गोमती माज्यासाटी मधी पडली व्हती. बरं बोलावं, पन कोनाच्या हाती निरोप द्यायचा? बकरी मागं ऱ्हायली.

दुकान कसलं, जहाजच फोडून आत ठेवलेलं. घंटा, कंदील, गोल काचा, दोरखंडं. चाचा पांढऱ्या दाढीचा, स्टोव्हवर चाय ठेवलेली. त्यानं आमाला बसवलं. आमच्याकडं पावन्याला आदी पानी देतात, त्यानं आदी इचारलं, "साखर किती?" चाय बशीत ओतून प्यायलो.

त्यानं माजा चाकू घेतला. सुळा बोटानं दाबला. "ये खलाशी का चाकू है, मौसी. ह्या सुळ्यानं दोरखंडाचा पीळ मोकळा करतात. जहाजावरचा आहे, पक्का."

माजी छाती फुगली. सासरा मचव्यावर, दोरखंडाचं काम, मग दुसरं काय पायजे? मी गोमतीकडं बगितलं नाय, पन तिला दिसंल असं हसले.

मग त्यानं गोमतीचा घेतला. नखानं कुंकू खरवडलं. "ही मूठ हाडाची आहे. साहेब लोग का चाकू. टेबलावर फळ कापायचं, खिशात टाकायचं. ये भी जहाज का."

आता गोमती हसली. सायबाचाच चाकू तर सायबानं दिला ना!

"मंग मामंजींचा कुठला?" आमी दोघींनी एकदमच इचारलं.

चाचानं चायचा घोट घेतला. "मौसी, मैं चाकू पहचानता हूँ, ससुर नहीं."

एवड्या लांब आलो, दर्या ओलांडला, बकरीला लिंबू चारलं, नि हे! मी उठले. डोळ्याम्होरं मांडव आला, अर्धा रिकामा, नि नातू पाटावर न बसलेला. गोमती मात्र उठली नाय. तिला तिचा चाकू उघडून पायजे व्हता. चाचा बोलला, "हा तर जाम झालाय. किसने हल्दी लगाई इसको?" त्यानं राकेलाच्या वाटीत चाकू बुडवला. आमी बसलो. सुईनं तो सांध्यातली घान काडायला लागला. कुंकू निघालं, हळद निघाली, काळं तेल निघालं, मग लाल गंज. गोमतीचे सगळे दसरे त्या वाटीत तरंगत व्हते. मग त्यानं तेलाचा एक थेंब सोडला, पातं पुसलं, उघडलं, नि मिटलं.

टक्क.

माजा हात डोक्यावर गेला. मी पदर नाकापर्यंत ओडला नि मान खाली घातली. माज्या मनात आलं, पान्याचा तांब्या कुठाय.

चाचाचा आवाज आला, "क्या हुआ? कोई आया क्या?"

मी पदराखालनं तिरकं बगितलं. गोमतीनंबी पदर नाकापर्यंत ओडलेला. तीबी पदराखालनं माज्याकडं बगत व्हती. तिचे डोळे मोठ्ठे झालेले. चाचा एकदा तिच्याकडं बगतो, एकदा माज्याकडं, नि दाराकडं.

त्यानं परत उघडून मिटला. टक्क. आमी दोघींनी परत पदर ओडला, व्हता त्याच्याबी खाली.

मग गोमती बोलली. चाचाला नाय, मला. "बाय, पदर काड. ते गेले कवाच."

मी हसले नाय. आदी माजं काम व्हतं. मी माजा चाकू घेतला, उघडला, मिटला. खडप. खडप्पच. एवडी वर्सं मी तो मिटत आले, नि माजा हात कवा डोक्याकडं गेला नव्हता. मला वाटायचं झिजला असंल.

"तुजाच खरा," मी बोलले. एवडंच बोलायला मला दर्या ओलांडावा लागला.

गोमती जिंकली व्हती. ती नाचंल असं मला वाटलं. पन ती वाटीतल्या हळदीकडं बगत बसली. "मी पूजा करून करून त्याची वाचाच बसवली," बोलली. मग मला हसू आलं, मग तिला, मग चाचाला, आनि चाचाला तर कशाला हसतोय तेबी ठावं नव्हतं.

परत पनवेल

लांचीत येताना आमच्या मधी कोनी नव्हतं. नि आता काय बोलायचं तेच सुचंना. सवय मोडलेली. मी बोलले, "तुज्या लेकीचा जवळा बरा व्हता."

"ठावं हाय. भाकऱ्या मोजत व्हते मी."

पनवेलच्या स्टँडवर भजी घेतली, एकाच कागदात. खाताना तिनं इचारलं, "तुला देताना सासूबाय काय बोलली?"

"हा तुज्या सासऱ्याचा. धाकटीला बोलू नको."

गोमतीचं भजं हातात ऱ्हायलं. "मला बोलली, थोरलीला बोलू नको. माजं पयलं पोर गेलं, मी उठत नव्हते, तवा दिला. उशाशी ठेव बोलली."

सासूबायनं खरा चाकू पोर गेलेल्या सुनंला दिला. मग मी विधवा झाले नि तिच्याकडं द्यायला दुसरा नव्हता. सासूबायचा भाऊ मोठ्या जहाजावर खलाशी व्हता, गोमतीला आठवलं. सुळ्याचा चाकू त्याचा असंल, तिनं जपून ठेवलेला. असंल. आता इचारायला कोन हाय?

"तुला वाईट वाटलं काय?" गोमती बोलली.

मी माजा चाकू कनवटीला नीट खोचला. "मुकादमानं मला इचारलं नव्हतं, खरा हाय का खोटा."

"तो तुला ताई बोलायचा, मला कळलंवतं. मला बाय बोलायचा, मी चाकू न दाखवता."

"तुला बगूनच भ्यायला असंल."

असं करत घरी आलो. नानाचं बोलनं मोडायचं नाय म्हनून दुसऱ्या दिवशी मी ताटात हळदीकुंकू घेऊन गोमतीच्या दारात गेले. सगळी आळी बगायला. मी चाकूला बोट लावनार तर तिनं माजा हात धरला. "सांध्याला लावू नको," बोलली. "मुठीला लाव."

मांडव एकच पडला. नातवानं हळदीपासून चाकू धरला, टोकाला लिंबू. लगीन लागलं, अक्षता पडल्या. मग त्यानं लिंबू काडून टाकलं नि चाकू मिटला.

टक्क.

मांडवात एवडी मानसं, वाजंत्री थांबलेली, नि आमी दोघी म्हाताऱ्यांनी पदर नाकापर्यंत ओडले. लोक बगायला लागले. नाना इचारतो, काय झालं, काय झालं? गोमती पदराखालनं हसत व्हती, तिचं पोट हलताना मला दिसत व्हतं.

नवी सून मुंडावळ्या बाजूला करून आमच्याकडं टकामका बगायला लागली. मी पदर वर केला. नातवाच्या हातातनं चाकू घेतला नि तिच्या हातावर ठेवला.

"बग," मी तिला बोलले. "उघडून बग, मिटून बग. मूठ बग. उद्या कोनी इचारलं तर सांगता आलं पायजे."